आधी कान, मग पाना

तो मागचा सायलेन्सर कोणी उतरवला?

खाली बघू नका, फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही. कोणी उतरवला, आणि कोणाला विचारून उतरवला?

सगळ्यांनी मिळून. वा! म्हणजे बिल मालकाच्या माथी, हौस सगळ्यांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही. बसा खाली. पाने, हातोड्या, जे काही हातात असेल ते बाकावर ठेवा. आज कोणी कशाला हात लावायचा नाही. आज फक्त ऐकायचं, कारण तेच तुम्हाला येत नाही.

हे जॉब कार्ड माझ्या हातात आहे. ‘गाडी : एमजीबी, १९६७. तक्रार : एक्झॉस्टचा आवाज.’ आणि लगेच खाली, त्याच पेनानं, त्याच दमात, ‘काम : मागचा सायलेन्सर नवीन टाकणे.’ या दोन ओळींच्या मध्ये काय आहे? काही नाही. आवाज गार इंजिनवर येतो की गरम? जागेवर उभ्या गाडीत येतो की चढावर? ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? टकटक आहे, फुसफुस आहे, घुमतोय की खडखडतोय? एक प्रश्न विचारला असेल तर दाखवा. त्या दोन ओळींच्या मधली रिकामी जागा म्हणजे तुमचा ट्रेड. सायलेन्सरचे चार नट सोडून चार नट आवळायला कोणीही आवळेल, त्यासाठी सरकारनं दोन वर्षं तुमच्यावर खर्च करायची गरज नाही.

बरं, नवा डबा बसला. आवाज गेला का? आवाज होता तिथेच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण शाळेत वाचली असेल तुम्ही, काल दुपारी शेडमध्ये प्रत्यक्ष करून दाखवलीत. आवाज पुढे बोनेटखाली, आणि तुम्ही सगळे डिकीखाली आडवे.

वर मला काय ऐकवलंत? ‘सर, स्पोर्ट्स कार आहे, आवाज तर करणारच.’ कोण म्हणालं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. बाळा, या गाडीचा मूळ आवाज तू कधी ऐकलायस? नाही ना? मग ‘करणारच’ हे कशाच्या जोरावर म्हणालास? इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनत होती. १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर. तिचा आवाज जाडसर, घोगरा असतो, हे खरं. पण तो सलग असतो. त्यात टकटक नसते, मधेच खंड नसतो, चढावर तो फाटत नाही. मोठा आवाज आणि बिघडलेला आवाज यातला फरक कळत नसेल तर बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून चौकाचौकात फटाके वाजवत फिरणाऱ्यांत आणि तुझ्यात काही फरक नाही. त्यांचे सायलेन्सर पोलीस रोलरखाली घालतात, तेव्हा मला अजिबात वाईट वाटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम वाचा. आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवा. ‘स्पोर्ट्स’ म्हणून सूट दिलेली नाही.

दुसरी सबब तर याहून वाईट. ‘सर, परदेशी गाडी, आपल्याला काय कळणार?’ त्या कोपऱ्यात कापून ठेवलेलं इंजिन कोणत्या गाडीचं आहे? ॲम्बेसेडरचं. ज्याच्यावर रोज जेवणाचे डबे ठेवता तेच. ते इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज कुळातलं आहे. हिंदुस्तान मोटर्सनं त्याचं १४८९ सीसीचं रूप कित्येक दशकं ॲम्बेसेडरमध्ये बसवलं. १९५५ साली निघालेली एमजीए याच १४८९ सीसीवर धावत होती, आणि तिच्यामागून आलेल्या एमजीबीत तेच कूळ वाढत १७९८ ला पोचलं. परदेशी कसली? तुमच्या आजोबांच्या काळातल्या प्रत्येक टॅक्सी स्टँडवर हिची चुलत बहीण उभी होती. जुन्या ॲम्बेसेडरवाल्या मिस्त्रीनं डोळे मिटून जे ओळखलं असतं, ते तुम्हाला डोळे उघडे ठेवून दिसलं नाही.

या हेडला एक्झॉस्टची तोंडं किती? चार? चार सिलिंडर म्हणून चार तोंडं, असंच ना? ऊठ, त्या कापलेल्या इंजिनापाशी जा आणि मोजून ये.

किती? तीन. पहिल्या सिलिंडरचं एक, चौथ्याचं एक, आणि दोन व तीन यांचं मधलं सामाईक. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे. दुसरी गोष्ट, इनलेट आणि एक्झॉस्ट असे दोन्ही मॅनिफोल्ड या इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, आणि दोघांना मिळून पॅकिंग एकच. मधल्या स्टडांवर नटाखाली जो जाड वॉशर असतो, तो निम्मा इनलेटच्या पाकळीवर टेकतो आणि निम्मा एक्झॉस्टच्या. म्हणजे दोन्ही पाकळ्यांची जाडी सारखी हवी. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत कोणीतरी कधीतरी एक मॅनिफोल्ड बदललेला असतो, किंवा वाकलाय म्हणून घासून सपाट करून घेतलेला असतो. मग एक पाकळी जाड, एक बारीक. वॉशर तिरका बसतो. नट आवळणाऱ्याच्या हाताला वाटतं की गच्च झाला. दाब मात्र एकाच पाकळीवर पडतो, दुसरी नुसती टेकून उभी.

तुम्ही घरी गेल्यावर मी बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन वाकून पाहिलं. मधल्या तोंडापाशी वॉशर तिरका आहे. एक्झॉस्टच्या बाजूला त्याच्याखाली नखाची कड शिरते. आणि तिथून पॅकिंगच्या कडेवरून खाली ब्लॉकवर उतरलेला काजळीचा ओघळ आहे, बोटभर लांब, मखमलीसारखा काळा, बोट लावलं की बोटाला येणारा. बाकी सगळीकडे जुनं तेल आणि धूळ यांचा तपकिरी थर, आणि मधोमध हा काळा पट्टा. कोणालाही दिसावा असा. पण त्यासाठी बोनेट उघडावं लागतं. तुम्ही ते उघडलंत का? उघडलंत, हो. त्यावर हात ठेवून फोटो काढायला.

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगतो. मालक गाडी काल सकाळी ट्रॉलीवर घालून घेऊन आले. मुद्दाम ट्रॉलीवर, म्हणजे इंजिन गार राहावं म्हणून. त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि मी ऑफिसमध्ये सह्या करतोय तेवढ्यात तुम्ही काय केलंत? गाडी सुरू केलीत, मैदानाला चक्कर मारून आणलीत. हौस भागली, आणि पुरावा मेला.

का मेला? मॅनिफोल्ड बिडाचा आहे. गार असताना फट उघडी असते, तिच्यातून प्रत्येक स्फोटाचा झटका बाहेर पडतो आणि टक-टक-टक ऐकू येतं. इंजिन तापलं की बीड फुगतं, फट मिटत जाते, आवाज विरतो. मग गरम गाडीभोवती दहा जण उभे राहून ‘आता येत नाही बुवा’ म्हणतात आणि जो भाग हाताला सोपा लागेल तो बदलतात. गार इंजिनाची पहिली दोन-तीन मिनिटं दिवसातून एकदाच मिळतात. इंजिन पुन्हा तेवढं गार व्हायला रात्र जावी लागते. ती मिनिटं तुम्ही मैदानावर उधळलीत.

‘टॅपेट वाजत असेल’ असंही एक जण पुटपुटला. चांगली शंका आहे, पण पुटपुटून सोडून द्यायची नसते, तपासायची असते. टॅपेटचा आवाज आणि मॅनिफोल्डची गळती कानाला सारखी वाटते, हे मान्य. आता हिशेब करा. इंजिन ८०० वर आयडलिंगला आहे. एका सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४००. कॅमशाफ्ट अर्ध्या वेगानं फिरतो, म्हणून एक ढिला टॅपेटही मिनिटाला ४०० वेळाच वाजतो. इथपर्यंत दोघे सारखेच. पण मघाशी मोजून आलात ते आठवा. मधलं तोंड दोन सिलिंडरांचं आहे. फायरिंग ऑर्डर काय? एक-तीन-चार-दोन. यात तीन आणि दोन यांच्यामध्ये बरोबर एका फेरीचं अंतर पडतं. म्हणजे मधल्या तोंडाला गळती असेल तर टकटक प्रत्येक फेरीला, मिनिटाला ८०० वेळा, एका टॅपेटच्या दुप्पट वेगानं आणि सारख्या अंतरानं येणार. नुसतं कान देऊन उभा राहिलेला माणूस इथेच निम्मं निदान करतो. एक पानाही न लावता.

उरलेलं निम्मं प्लगच्या वायरी सांगतात. रबरी मुठीच्या पकडीनं एक वायर काढायची, तिला जादा प्लग लावून तो बॉडीला टेकवायचा, म्हणजे ठिणगीला वाट राहते आणि कॉइलवर ताण येत नाही. त्या सिलिंडरचं जळणं थांबलं की त्याच्या गळतीची टकटक बसते. टॅपेटला पेट्रोल जळतंय की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, तो आपला वाजत राहतो. समजा, एकची वायर काढली, फरक नाही. चारची काढली, फरक नाही. दोनची काढली, टकटक निम्मी. ती परत लावून तीनची काढली, पुन्हा निम्मी. आता सांगा गळती कुठे आहे. आता सगळे बोलताय! काल का नाही बोललात?

आणि टॅपेटची शंका उरलीच असेल तर फिलर गेज कपाटात आहे, पंधरा थाऊची पट्टी त्यात आहे. कपाटाला कुलूप नाही.

आता तुमचं मुख्य समर्थन घेऊ, ज्याच्या बळावर सायलेन्सर उतरवला गेला. ‘सर, त्यातून पाणी गळत होतं.’ गळत होतं ना? छान. पेट्रोल जळलं की काय तयार होतं? नुसता धूर? पेट्रोलमध्ये हायड्रोजन आहे, तो जळून पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गरम गाडीत ते वाफ होऊन निघून जातं. गार गाडीत मागच्या डब्यात थंड होऊन साचतं. म्हणून बऱ्याच डब्यांना खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते भोक तुम्हाला ‘गंजून पडलेलं’ वाटलं. मी जुना डबा भंगारातून काढून आणला. टोच्या लावून पाहिला, सांधे पक्के आहेत, पत्रा कुठेही दबत नाही. हलवून पाहिला, आतली जाळी सुटलेली नाही. डबा ठणठणीत आहे. तुम्ही निरोगी माल फेकून दिलात आणि त्याच्या जागी बाजारातला हलका, पातळ पत्र्याचा डबा लावलात, ज्याच्यामुळे गाडी आता आधीपेक्षा जास्त ओरडते. ‘परफॉर्मन्स’ असं इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे त्यावर. अर्थात!

असे डबे गंजतात, तेही मान्य. पण ते आतून गंजतात, आणि रोज दोन किलोमीटर चालवून बंद करणाऱ्यांच्या गाडीत जास्त गंजतात, कारण पाणी उडून जायला गाडी तापतच नाही. हे मालकाला विचारायचा प्रश्न आहे. किती चालवता, किती लांब चालवता? विचारलंत?

मी विचारलं. काल संध्याकाळी फोन केला, आणि माझा चहा संपायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. आवाज सकाळीच येतो. चढावर वाढतो. आणि खंबाटकी घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट्-फट् असे बार निघतात. हे शेवटचं कोणी लिहून घेतलं होतं? कोणीच नाही. ‘बॅकफायर’ म्हणून तुम्ही हसला असतात, मजा वाटली असती.

त्या बारांचं कारणही तीच फट आहे, हे तुमच्या डोक्यात येणार नाही म्हणून सांगतो. उतारावर थ्रॉटल बंद असतो आणि इंजिनाला चाकं फिरवत असतात. सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण कमी आणि मागचा धूर जास्त, म्हणून ते नीट पेटत नाही आणि कच्चं पेट्रोल तसंच पाइपात जातं. पाइप तापलेला आहे, पेट्रोल आहे, कमी काय आहे? हवा. ती त्या फटीतून आत येते. फटीतून धूर फक्त बाहेरच पडतो असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. प्रत्येक झटक्यामागोमाग पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि त्या क्षणी फट हवा आत ओढते. मग पाइपात भडका. सकाळची टकटक आणि घाटातले बार हे दोन वेगळे रोग नाहीत.

तरी मी लगेच ‘सापडलं’ म्हणत नाही, हेही बघून ठेवा. मिश्रण बिघडलं तरी, टायमिंग मागे गेलं तरी असे बार निघतात. म्हणून एसयू कार्बोरेटरखालची छोटी पिन हलकेच वर ढकलायची, आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड. इंजिन गचके खात मरायला लागलं तर पातळ. किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर ठीक. दोन कार्बोरेटर, दोनदा करायचं. फुकटची तपासणी आहे.

शेपटीपाशीही फुकटची तपासणी होती. सायलेन्सरच्या तोंडासमोर कागदाचा तुकडा धरायचा. निरोगी इंजिन त्याला सारखं बाहेर लोटतं. कागद ठराविक अंतरानं आत ओढला जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय किंवा एक सिलिंडर मिसिंग करतंय, आणि मग कॉम्प्रेशन गेज लावायचं. चारही आकडे जवळजवळ असतील तर व्हॉल्व्हची भीती सोडायची. तीच गोष्ट फडक्याची. जाड हातमोजा घालून, घडी केलेलं फडकं तोंडावर क्षणभर दाबायचं. मागचा रस्ता बंद झाला की पुढची फट फुसफुसायला लागते, लपूच शकत नाही. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं सांध्यांवरून फिरवायचं, पंख्यापासून लांब राहून. यातल्या कुठल्या गोष्टीला पैसे पडतात?

त्याऐवजी तुम्ही काय केलंत? मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून कोणाकोणाला पाठवलात. उत्तरं आली सात. मोबाइल मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज वर उचलतो, खालच्या पट्टीतलं घुमणं तर त्याला पकडताही येत नाही. आणि आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठून कळणार? गाडी समोर उभी असताना, दोन कान डोक्याला असताना, परगावच्या मिस्त्रीला मोबाइलवर ऐकवताय. लाज वाटायला हवी.

घुमणं आणि खडखड यांच्यावर फार वेळ घालवत नाही. एका ठराविक वेगालाच गाडी घुमत असेल आणि वर-खाली गेल्यावर थांबत असेल तर रबराचे टांगे कडक झालेत का, इंजिनाचे माउंट बसलेत का, पाइप कुठे बॉडीला घासतोय का ते बघा. चार सिलिंडरांचं इंजिन ३००० वर असताना सेकंदाला १०० झटके देतं, त्या झटक्यांना जे ढिलं सापडेल ते वाजतं. खडखडीसाठी गार गाडीवर रबरी हातोडीनं एकेक जागी हलकेच ठोका. एमजीबी जमिनीला खेटून चालते, आपल्या गतिरोधकांवर तिचा पाइप आपटतोच. एवढंच.

आणि हा नट बघा. हो, हा. कडा गोल कोणी केल्या? तेरा नंबरचा रिंग पाना लावला होता ना? मॅनिफोल्डच्या या नटाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना ‘बसतो’, आणि बसतो म्हणूनच घात करतो. जोर लावला की घसरतो, कडा खातो. इंचाच्या पान्यांचा संच भिंतीवर टांगलेला आहे, त्याच्यावर धूळ आहे. म्हणजे कोणीतरी मॅनिफोल्डला हात लावला होता, गरम असताना नट सोडायचा प्रयत्न केला होता, नाही सुटला म्हणून गुपचूप मागे डिकीकडे मोर्चा वळवला. खरं ना? जे अवघड होतं ते सोडलंत आणि जे सोपं होतं ते बदललंत. निदान चुकलं असं याला म्हणत नाहीत. याला कामचुकारपणा म्हणतात.

आता जे बोलणार आहे ते नीट ऐका, कारण इथे मी आवाज वाढवणार आहे.

काल पाऊस आला म्हणून तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत आणि आत गाडी सुरू ठेवलीत. बोनेटखाली मॅनिफोल्ड गळतोय, या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, चोक ओढलेला आहे, आणि तुमच्यापैकी दोघे गाडीखाली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पेंग येते. मग माणूस ओरडूही शकत नाही. ‘काल संध्याकाळी डोकं दुखत होतं’ असं सकाळी एक जण म्हणत होता. सायलेन्सरचे पैसे परत करता येतील. हे परत करता आलं नसतं. आजपासून शटर पूर्ण वर असल्याशिवाय कुठलीही गाडी आत सुरू होणार नाही. पाऊस येऊ दे, नाहीतर गारा पडू देत.

मालकालाही हेच सांगितलंय. पॅकिंग होईपर्यंत गाडी चालवायची नाही. बोनेटखालचा धूर हीटरच्या वाटेनं आणि गिअरबॉक्सभोवतीच्या भोकांतून आत येतो. टप चढवला की तो आतच कोंडतो. ‘उघडी गाडी आहे, हवा खेळती असते’ असं ते म्हणाले. टप उतरवून चालवताना काचेमागे हवेचा भोवरा होतो आणि मागचा धूर पुढे बसलेल्यांच्या तोंडावर येतो. त्यांनाही खडसावलं, तुम्ही एकटे नाही. गाडीबद्दल ‘आवाज येतो’ एवढंच सांगून चावी देणाऱ्या मालकांचाही यात वाटा असतो. पण ते गिऱ्हाईक आहेत, त्यांनी कमी सांगितलं तर विचारून घेणं हे तुमचं काम.

तर आता काय करायचं ते लिहून घ्या. जुना डबा साफ करून, नवे क्लॅम्प लावून परत बसवायचा. नवा डबा दुकानात परत जाईल. दुकानदार जे कापून घेईल ते तुम्ही वाटून भरायचं, माझ्याकडे रडत यायचं नाही. मॅनिफोल्ड उतरवून दोन्ही पाकळ्यांची जाडी व्हर्नियरनं मोजायची आणि आकडे मला लिहून दाखवायचे. एक्झॉस्टच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर घालून बघायचं, वाकलं असेल तर घासायला पाठवायचं. जाडीत फरक राहिला तर पायरीचा वॉशर टर्नर विभागाकडून बनवून घ्यायचा. खालच्या पाइपाला नट पितळीच लावायचे, पोलादी नट तिथे गंजून स्टडला धरतात आणि पुढच्या वेळी स्टडच तुटतो. नवं पॅकिंग घातल्यावर इंजिन एकदा तापवून, पूर्ण गार करून पुन्हा आवळायचं. पुटी, दोरा, एम-सील असलं काही मला त्या मॅनिफोल्डवर दिसता कामा नये.

पण हे सगळं उद्या दुपारनंतर. उद्या सकाळी आठ वाजता शेड उघडेल, शटर पूर्ण वर. रात्रभर गाडीला कोणी हात लावायचा नाही, चावी माझ्या खिशात आहे. सुरू मी करीन. तुम्ही भोवती उभं राहायचं, तोंड बंद, मोबाइल कपाटात. पहिल्या तीन मिनिटांत काय ऐकलं, कुठून ऐकलं, कधी थांबलं, हे प्रत्येकानं जॉब कार्डावर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं मला ओळखता येतं.

आणि मालकाला फोन आत्ताच करायचा. मी करणार नाही, तुम्ही करायचा. सायलेन्सर चुकून बदलला, त्याचं बिल तुम्हाला लागणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.